अचंब्याला गुण किती?

जादूगारांच्या जागतिक संघटनेची, ‘फिझम’ची, स्पर्धा दर तीन वर्षांनी भरते. रंगमंचावरची जादू वेगळी, जवळून दाखवायची हातचलाखी वेगळी. २०१८ साली बुसानला हातचलाखीचं सर्वोच्च पारितोषिक तैवानच्या एरिक चिएननं नेलं. आमचा आक्षेप परीक्षकांवर आहे. ते स्वतःच जादूगार! युक्ती ओळखणारा माणूस कसब मोजील. अचंबा कसा मोजणार? आपल्या जवळा बाजारात गारुडी बसला की लोक चारी बाजूंनी कोंडाळं करतात. पाठीशी पडदा नाही. याहून कठीण परीक्षा कोणती? पण १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यानं रस्त्यावर खेळ दाखवून पैसे मागणं म्हणजे भीकच. पुण्याचे जादूगार रघुवीर तिकीट लावून खेळ करायचे, म्हणून ते कलावंत.