अंगणवाडीतले अंगण

तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले खेळातून शिकतात, हे त्यात स्पष्ट शब्दांत मांडले आहे. शासकीय दस्तऐवजात खेळाला असे मानाचे स्थान मिळाले, याचे स्वागतच करायला हवे. परंतु परभणी जिल्ह्यातल्या अंगणवाडीताईंच्या नजरेने तो वाचला, की एक उणीव जाणवते.

आराखड्यातल्या नमुना वेळापत्रकांत मैदानी खेळाला वेगळी वेळ दिलेली आहे. परिसरफेरी आणि स्थानिक साहित्य यांचा उल्लेखही आहे. तरी वाचणाऱ्याचा सहज समज होतो, की शिकायचे ते खोलीत आणि अंगण मोकळे व्हायला. त्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' आला. त्यातली खेळणी, कोडी, गोष्टींची पुस्तके उपयोगी आहेतच. पण पेटीच्या कौतुकात दाराबाहेरचे साहित्य मागे पडते.

हा फरक किरकोळ नाही. प्लॅस्टिकचे लाल आणि निळे मणी मुलापुढे ठेवले, तर ते कसे वेगळे करायचे हे मणी बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. त्याऐवजी चिंचोके, सरकी, निंबोळ्या आणि तुरीचे दाणे एकत्र ठेवून पाहा. रंगाने वेगळे करायचे, आकाराने, की गुळगुळीत आणि खरखरीत असे? कसोटी मुलालाच शोधावी लागते. वर्गीकरणाची, म्हणजे विज्ञानाची, खरी सुरुवात इथे होते. (लहान बिया नाकाकानात जाऊ शकतात, म्हणून हा खेळ ताईंच्या नजरेसमोरच हवा.)

आपली काळी मातीही अशीच गुणी आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. पोळ्याचा बैल करताना पाणी कमी पडले तर माती जुळत नाही, जास्त झाले तर बैल बसतो. गोदावरीच्या वाळूचा बैल मात्र वाळला की ढासळतो. असे का, याचे उत्तर चार वर्षांच्या मुलाला सांगायची घाई नको. प्रश्न पडला, इतके पुरे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. माँटेसरी साधने महाग होती, म्हणून शिंपले, खडे, पाने, बिया वापरल्या. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. मात्र पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, नोंदवह्या या कामांच्या गर्दीत खुद्द अंगण बाजूला पडले.

तरीही कोसबाडची नक्कल करून भागणार नाही. ते काम दोन असामान्य बाईंच्या जिद्दीवर उभे होते. एकटी ताई आणि मदतनीस यांच्याकडून तीच अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. हवाही वेगळी आहे. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो; तेव्हा बाहेरचे खेळ सकाळी लवकर आणि लिंबाच्या सावलीतच घ्यावे लागतील. भेगांमध्ये विंचू असू शकतो, म्हणून जागा रोज पाहून घ्यावी लागेल.

सर्वांत अवघड प्रश्न पालकांचा आहे. मातीत खेळणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असे वाटून अनेकजण मुलाला इंग्रजी नर्सरीत घालतात. त्यांना व्याख्यान देण्यापेक्षा महिन्यातून एकदा अंगणात बोलवावे. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करताना मूल लांबी मोजते, जोडी लावते, मोडले तर पुन्हा जोडते आणि सगळा वेळ बोलत असते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे. शेतकरी बापाला हे कळायला वेळ लागणार नाही.

पिटारा जरूर वापरावा. पण तो उघडण्याआधी दार उघडावे.