ॲप्स नव्हती, की भरवसा नव्हता?

विंडोज फोन का बुडाला, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: "ॲप्सच नव्हती ना!" पॉडकास्टवर बोलताना आम्हीही हेच म्हणून पुढे गेलो आणि नंतर ऐकताना ते खटकलं. दुकान का बंद पडलं, तर गिऱ्हाईक नव्हतं म्हणून, असं सांगण्यासारखंच हे उत्तर आहे. खोटं नाही, पण गिऱ्हाईक का नव्हतं, हा प्रश्न तसाच राहतो.

आधी एक मान्य करू: वस्तू चांगली होती. २०१० मध्ये आलेला विंडोज फोन ७ आयफोनची नक्कल नव्हता. मोठी स्वच्छ अक्षरं, सपाट रंगीत चौकोन आणि त्या चौकोनांतच हलत राहणारी ताजी माहिती. आयफोन स्वतः असा सपाट झाला तो २०१३ मध्ये. तेव्हा "माल चांगला असला की खपतोच" असं तुम्हाला वाटत असेल, तर हे उदाहरण जवळ ठेवा.

फोनचा बाजार दोन बाजूंचा असतो. ॲप लिहिणारा म्हणतो, आधी लोक येऊ देत. लोक म्हणतात, आधी ॲप्स येऊ देत. ही कोंडी फुटते ती दोन्हीकडच्या काही जणांनी भरवशावर पहिली उडी मारली तरच. म्हणजे हे पहिले लोक कंपनीला एक प्रकारे उधारीच देत असतात. मायक्रोसॉफ्टने त्या उधारीचं काय केलं, ते पाहा.

जुन्या विंडोज मोबाइलची ॲप्स विंडोज फोन ७ वर चालत नव्हती. ठीक आहे, नवी सुरुवात म्हणून सोडून देऊ. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने आपले स्मार्टफोन या एकाच घोड्यावर लावले. एप्रिल २०१२ मध्ये ल्युमिया ९०० अमेरिकेत आला. आणि जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर करताना सांगितलं, की आतला गाभाच बदलला आहे, ७ वाल्यांना ८ मिळणार नाही. दोन-तीन महिन्यांपूर्वी घेतलेला फोन एका दिवसात जुना! ८ साठी लिहिलेली ॲप्सही त्यावर चालणार नव्हती. त्याच वर्षी ॲपलने २००९ च्या आयफोन ३जीएसला आयओएस ६ दिलं. पुढे विंडोज १० मोबाइल आलं, तेव्हा पुन्हा कितीतरी फोन मागे राहिले.

गंमत म्हणजे जुनं सांभाळण्याचं महत्त्व याच कंपनीला सगळ्यात जास्त ठाऊक होतं. जोएल स्पॉल्स्की यांनी २००४ मध्ये लिहिलेला किस्सा आहे. सिमसिटी या खेळात एक चूक होती: सोडून दिलेली मेमरी तो पुन्हा वाचायचा. विंडोज ९५ मध्ये त्यामुळे खेळ बंद पडला असता. मग विंडोजच्या लोकांनी काय केलं? सिमसिटी चालू आहे का हे ओळखून त्याच्यापुरती मेमरीची वागणूक बदलणारा कोड विंडोजमध्येच घातला. दुसऱ्याची चूक, पण निस्तरली यांनी. घरच्या संगणकांवरचं राज्य त्यांनी असं सांभाळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, अँड्रॉइड तरी कुठे वेळेवर अपडेट द्यायचं? बरोबर आहे. पण तिथे जुन्या फोनवर नवी ॲप्स बहुतेक चालायची, आणि गूगल आपल्या सेवा फोन बनवणाऱ्यांची वाट न पाहता परस्पर अद्ययावत करायचं. शिवाय अँड्रॉइड फुकट होतं. मायक्रोसॉफ्ट मात्र २०१४ पर्यंत परवान्याचे पैसे घेत होतं. गूगलने अडवणूकही केली: मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेलं यूट्यूबचं ॲप २०१३ मध्ये बंद पाडलं. हे सगळं खरं आहे. पण स्काइप तर मायक्रोसॉफ्टने २०११ मध्येच विकत घेतलं होतं!

ते रविवार आठवतात? लॅपटॉपवर स्काइप, पलीकडे आजी, आणि पहिली पाच मिनिटं "दिसतंय का? ऐकू येतंय का?" २०१२ मध्ये विंडोज फोनवर स्काइप आलं, पण ॲप समोर उघडं असेल तरच कॉल यायचा. म्हणजे आजीने तिकडून कॉल लावला आणि तुमचं स्काइप उघडं नसलं, तर फोन गप्प. घरापासून दूर राहणाऱ्याने असा फोन का घ्यावा? इथे ॲप होतं, आणि ते घरचंच होतं.

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या धंद्यापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकले. त्याच वेळी ७,८०० पर्यंत नोकऱ्या कमी करत असल्याचंही जाहीर केलं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी नवा चष्मा, नवं घड्याळ किंवा एआयचं नवं यंत्र दाखवलं, की "यावर ॲप्स किती?" हे नंतर विचारा. आधी विचारा, याच कंपनीची मागची वस्तू ज्यांनी पहिल्या वर्षी घेतली, त्यांचं पुढे काय झालं?