कौटिल्याचा वृक्षदंड

१९०९ मध्ये शामशास्त्र्यांनी म्हैसुरास छापून काढलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रातील वृक्षदंडांवरून प्राचीनांस सरसकट सृष्टिरक्षक ठरविणे आम्हांस मान्य नाही. अंकुर तोडल्यास ६ पण, लहान फांदीस १२, जाड फांदीस २४ हे खरे; परंतु हे दंड पुष्प, फळ वा छाया देणाऱ्या नगरोपवनांतील वृक्षांपुरते. वनांतील माल राजभांडारात आणविण्यास त्याच ग्रंथात कुप्याध्यक्ष नेमिला आहे. ते प्रकरण मात्र कोणी उघडीत नाही! हत्ती मारणारास देहान्त सांगितला, कारण राजांचा विजय हत्तींवर अवलंबून. स्वयंमृत हत्तीचे दोन्ही दात आणून देणारास तर सव्वाचार पण बक्षीस आहे. जीवदयाच पाहावयाची, तर ती अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात: भुशात जीव असतील तर तो जाळू नये, आणि निष्कारण वनही.