सूत्राला स्लॅब दिसतो का?

थर्मल कम्फर्टवरचा पेपर हातात आला की निष्कर्षावर उडी मारू नका, आधी इनपुटचा तक्ता शोधा. त्यात ‘सरासरी विकिरण तापमान = हवेचं तापमान’ असं धरलेलं असेल आणि खोली सगळ्यात वरच्या मजल्यावरची किंवा पत्र्याची असेल, तर पुढचे ग्राफ कितीही देखणे असोत, सावध व्हा.

फँगर यांचं पीएमव्ही सूत्र (त्यांचं पुस्तक १९७०चं) सहा गोष्टी मागतं: हवेचं तापमान, विकिरण तापमान, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, कपडे आणि शरीराची हालचाल. यातलं विकिरण तापमान म्हणजे छत-भिंती अंगावर जी उष्णता टाकतात तिचा हिशेब. मे महिन्यात आपल्या संभाजीनगरात रात्री दहा वाजताही स्लॅबला हात लावून बघा. समजा हवा ३३ अंश आणि विकिरण ३७. वारा नसेल तर शरीराला साधारण ३५ जाणवणार, पेपर मात्र ३३ धरून मोकळा.

उलटं उदाहरण पाणचक्कीत आहे. तिथल्या मोठ्या हौदाखाली खांबांवर उभं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. वर नहरीचं पाणी, म्हणून खाली उन्हाळ्यातही गारवा. तिथे नुसता साधा थर्मामीटर टांगलात तर त्या छताचं श्रेय कुठेच नोंदलं जाणार नाही. काळ्या गोळ्याचा ग्लोब थर्मामीटर न्या.

दुसरी अडचण माणसांची. फँगर यांचा डेटा मुख्यतः अमेरिकन आणि डॅनिश विद्यार्थ्यांचा, तोही बंद प्रयोगकक्षातला. आपल्याकडे यावर उत्तर म्हणून २०१४ मध्ये ‘आयमॅक’ मॉडेल आलं: पाच शहरांतली ऑफिसं, सहा हजारांवर प्रतिसाद. पीएमव्ही आपल्या लोकांना आहे त्यापेक्षा जास्त गरम होतंय असं सांगतं, हे त्यातून दिसलं. काम चांगलंच आहे. राष्ट्रीय इमारत संहितेतही (२०१६) ते घेतलं गेलं.

पण ते वापरलं कसं जातं? नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींसाठीचं सूत्र असं: सुखद तापमान = ०.५४ × बाहेरची चलत सरासरी + १२.८३. मेमध्ये सरासरी ३२ घ्या, उत्तर ३०.१. ९० टक्के लोकांना चालेल अशी मर्यादा ±२.३८, म्हणजे ३२.५ पर्यंत ‘आरामदायक’. झालं, बिल्डर खूश! फक्त एक गोष्ट राहिली: हे सूत्र बाहेरच्या ३१ अंशांपर्यंतच लागू आहे. आपला मे त्याच्या बाहेर जातो. शिवाय प्रतिसाद ऑफिसातल्या लोकांचे. गॅससमोर तासभर पोळ्या लाटणाऱ्या बाईला तेच ३२.५ लावायचं कोणत्या आधारावर? घरांवर काम करणार असाल तर हा प्रश्न तुमच्या गाईडच्या आधी तुम्हीच स्वतःला विचारा. ‘लोकांना सवय असते’ हे वाक्य तर थिसिसमध्ये फार जपून लिहा. त्याच्या जोरावर छतावरचं इन्सुलेशन सहज वगळलं जातं.

आता कूलर. उष्णतेच्या प्रकरणात तो फायद्याचा ठरतो. पण तो नीट चालायला खिडकी उघडी लागते, मग रस्त्याचे हॉर्न आत येतात, वर त्याची स्वतःची घरघर. आणि उन्हासाठी पडदा ओढला की टेबलावरचा लक्स घसरतो. पेपरांत मात्र उष्णता, आवाज, उजेड ही तीन वेगळी प्रकरणं, तिन्हींत पास. तिन्ही आकडे एकाच खोलीत, मेमधल्या एकाच दुपारी मोजलेले असा आपल्या भागातला पेपर सापडला, तर मलाही पाठवा.