गुर्बत आणि गरिबी

शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात तेव्हा त्यांचे थोडे सामान मागे राहते. 'गरीब' हा असाच शब्द. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, अनोळखी. उर्दूत 'गुर्बत' म्हटले की परमुलुखातला मुक्कामही कळतो आणि दारिद्र्यही. मराठीने त्यातले दारिद्र्य तेवढे घेतले, परकेपण उंबऱ्याबाहेर ठेवले. उर्दू माध्यमाच्या मुलांना आम्ही हे शिकवतो आणि संध्याकाळी बजाजनगरला खोलीवर परतताना वाटते, आपल्या मराठी साहित्याचेही असेच झाले आहे.

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्या वसाहतीलगत बजाजनगर वाढले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, कुठकुठून माणसे आली. ठेकेदाराचे काम संपले की खोली रिकामी होते. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो; दोस्तीची मुदतही बहुधा तेवढीच.

मराठीत कामगार आला नाही, असे आम्ही म्हणत नाही. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड शाहीर अमर शेख यांच्या आवाजात गाजली. तिच्यात गावी राहिलेल्या बायकोचा विरह आहे. नारायण सुर्वे यांच्या 'शीगवाला' कवितेत दाऊदचाचा भेटतो. पण ती मुंबई गिरणीची आणि चाळीची. तिथला माणूस परका म्हणून आला तरी टिकला. त्याची मुले त्याच चाळीत वाढली. बजाजनगरातला माणूस टिकत नाही. म्हणून चाळीच्या कथेचा साचा त्याला बसत नाही.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखकांनी दारिद्र्य, दंगल, स्त्रियांची दुःखे धीटपणे मांडली. त्याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र एका खोलीत भाडे वाटून राहणारे दोन परके आपल्या कथेत फारसे दिसत नाहीत. दिसलेच तर 'कामगार' म्हणून दिसतात, एकमेकांचे दोस्त म्हणून नाही.

खरे तर या शहराला ही गोष्ट नवी नाही. वली दकनी १७०० साली दिल्लीला गेला, तेव्हा त्याच्यासोबत सय्यद अबुल मआली हा त्याचा दोस्त होता. जुन्या लिहिणाऱ्यांनी सोबत्याचे नाव टिपून ठेवले, म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे.

आपण काय टिपले? ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली गेले. जे थोडे वाचले त्यांनी सोबत्यांना उठवण्यासाठी हाका मारल्या होत्या. या घटनेवरच्या ज्या कविता आमच्या वाचनात आल्या, त्यांत रुळांवर विखुरलेल्या पोळ्या आहेत, हाका नाहीत. पोळी ही गरिबी झाली. हाक ही गुर्बत होती.

हा दोष इतरांना लावून आम्ही मोकळे होणार नाही. एका ईदला आम्ही शेजारच्या खोलीत शीरखुर्म्याचा डबा दिला. डबा रिकामा परत करू नये, ही रीत दोघांनाही ठाऊक होती. दिवाळीत आमचा डबा चिवड्याने भरून आला. सोबत त्यांचा लाडवांचा डबाही आला. तो परत करायच्या आधीच खोलीला कुलूप लागले. फोन लागत नाही. एवढी दोन वर्षे शेजार केला. आम्हाला त्यांचा जिल्हा ठाऊक आहे, गावाचे नाव आम्ही कधी विचारलेच नाही. डबा फळीवर आहे.

आपल्या तरुण लेखकांना एवढेच सांगणे आहे. निरोप न घेता संपलेल्या दोस्तीला शेवट कुठून आणायचा, ही तुमची अडचण आम्हाला समजते. शेवट नसला तरी लिहा. पण आधी शेजाऱ्याला त्याच्या गावाचे नाव विचारा.