‘जणू’ची जागा

परवा संध्याकाळी शेजारची मुलगी मराठीची वही घेऊन मुलुंडच्या आमच्या घरी आली. दहावीतली पोर, सहामाही परीक्षा तोंडावर आलेली. “काका, अलंकार सगळे पाठ आहेत, पण ओळखताच येत नाहीत,” ती म्हणाली. वहीत एक कोष्टक होते. ‘सारखा’, ‘समान’, ‘परी’ हे शब्द आले की उपमा. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ आले की उत्प्रेक्षा. यांतले काहीच नसले की रूपक. दारातल्या चपला पाहून आत कोण आले आहे ते सांगावे, त्यातलाच हा प्रकार!

मी तिला विचारले, “तुझी आई दुकानात म्हणते, ‘या साडीसारखी दुसरी दाखवा.’ सांग, अलंकार कोणता?”

“उपमा!” तिने ठोकून दिले. चकल्यांचा सोऱ्या क्षणभर थांबवून आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हसल्या.

चूक मुलीची नव्हती, कोष्टकाची होती. ‘गवय नावाचे रानातले जनावर गाईसारखे असते’ हे वाक्य न्यायशास्त्राला ज्ञानाचे साधन म्हणून चालते; साहित्यशास्त्राला अलंकार म्हणून चालत नाही. सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने ‘रसगंगाधरा’त उपमेचे लक्षण करताना, सादृश्य सुंदर असले पाहिजे अशी अट घातली, ती उगाच नव्हे. उलट, साधर्म्य दाखवणारा शब्द गाळला तरी उपमा मरत नाही. तिला लुप्तोपमा म्हणतात. ‘कमलनयन’ या शब्दात ‘सारखे’ कुठे आहे? दारात चपला नाहीत, पाहुणा मात्र आत बसलेला!

मग या अलंकारांत खरा फरक कोणता? मला वाटते, तो जवळिकीचा आहे. उपमेत दोन वस्तू शेजारी शेजारी बसतात. उत्प्रेक्षेत, ही वस्तू ती दुसरीच असावी, अशी मन कल्पना करते. रूपकात दोघींमधला भेदच पुसला जातो. सकाळची भरलेली लोकल मुलुंडला येते. ‘डबा मोहोळासारखा गजबजला होता’ ही उपमा. ‘डबा म्हणजे जणू मोहोळच’ ही उत्प्रेक्षा. ‘त्या मोहोळात मी अंग लोटून दिले’ असे म्हटले की झाले रूपक. आणि ‘मुंगी शिरायला जागा नव्हती’ ही अतिशयोक्ती. तिला कोणी खोटे म्हणत नाही. ऐकणाराही त्याच गाडीचा प्रवासी असतो! घाटकोपर येईपर्यंत आपण निम्मे अलंकारशास्त्र बोलून मोकळे होतो.

पोरीला हे पटलेसे दिसले. मग तिने निबंधाची वही पुढे केली. तिची आजी श्रावणात गेली. एका वाक्यावर बोट ठेवून तिने विचारले, “यात कोणता?”

वाक्य होते, ‘आजीची खुर्ची जणू तिची वाट पाहते आहे.’

उत्प्रेक्षा तर होतीच. निर्जीव खुर्ची माणसासारखी वागते म्हणून चेतनगुणोक्तीही म्हणता आली असती. पण माझ्यातला जुना टीकाकार जागा झाला. “हा ‘जणू’ काढून टाक,” मी म्हणालो, “वाक्य घट्ट होईल.”

तिने तो शब्द खोडला. वाक्य मनाशी वाचले. मग खोडलेल्याच्या डोक्यावर तोच शब्द पुन्हा लिहिला.

“नको काका. खुर्ची वाट बघत नाहीये, मला माहीत आहे ना. ‘जणू’ काढलं तर मी खोटं लिहिल्यासारखं वाटतं.”

मी गप्प झालो. आजवर कितीतरी नव्या कवींना मी हाच सल्ला दिला आहे. ‘जणू’ म्हणजे कवीचा कच्चेपणा, असे मी धरून चाललो होतो. वास्तविक ‘हे असे नाही’ हे पुरते ठाऊक असूनही मन तशी कल्पना करते, हेच तर उत्प्रेक्षेचे मर्म. आमच्या मुलुंडला ज्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे, त्या न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून वाङ्मयाच्या आनंदाला ‘सविकल्प समाधी’ म्हटले. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, पण स्वतःचे भान सोडत नाही, असा त्याचा भावार्थ. ही संज्ञा मी अनेकदा वापरली. पण तसे भान राखून दुःख करणारे माणूस त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसले होते.

म्हणून रूपक काही खोटे ठरत नाही. ज्याच्या लेखी आजी अजून गेलेलीच नाही, त्याने तो शब्द खुशाल गाळावा. लिहिणारा आपल्या दुःखापासून किती अंतरावर उभा आहे, ते या छोट्या शब्दावरून कळते. संज्ञा शिकायच्या त्या हे अंतर दिसावे म्हणून.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याकडेही एखादे मूल असे कोष्टक घेऊन आले, तर अलंकाराचे नाव सांगण्याची घाई करू नका. ‘हा शब्द काढला तर काय जाईल?’ एवढेच त्याला विचारा, आणि उत्तर देईपर्यंत फराळाची बशी पुढे सारा.