पदवी स्तरावरील वनस्पतिशास्त्रीय प्रकल्प-अहवाल : एक समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

महाविद्यालयीन वनस्पतिशास्त्र विभागांत तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून जे छोटे संशोधन प्रकल्प करून घेतले जातात, त्यांच्याकडे आजवर प्रामुख्याने परीक्षेचा एक भाग म्हणूनच पाहिले गेले आहे. बाह्य परीक्षक येतात, अहवाल चाळतात, दोन-तीन प्रश्न विचारतात, गुण देतात आणि अहवाल कपाटात जातो. मूल्यांकन समितीच्या भेटीच्या वेळी तो बाहेर काढून टेबलावर मांडला जातो आणि समिती गेली की पुन्हा कपाटात जातो. वाचण्यासाठी म्हणून तो कोणी वाचतो असे क्वचितच घडते. प्रस्तुत लेखात तो तसा वाचण्याचा प्रयत्न केला आहे. विभागाच्या कपाटातील गेल्या काही वर्षांचे अहवाल, आणि परीक्षक म्हणून अन्यत्र पाहण्यात आलेले काही अहवाल, एवढाच या विवेचनाचा आधार आहे. त्यांतील अनेक अहवालांवर मार्गदर्शक म्हणून प्रस्तुत लेखकाचीच स्वाक्षरी आहे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. त्यामुळे पुढील टीका ही बऱ्याच अंशी स्वतःवरील टीका आहे.

अहवालाची घडण

हे अहवाल एकापाठोपाठ एक वाचत गेल्यास प्रथम जाणवते ते त्यांचे विलक्षण साम्य. विषय बदलतो, वनस्पती बदलते, परंतु अहवालाची चाल बदलत नाही. आरंभी ऋणनिर्देश असतो. त्यात संस्थाध्यक्षांपासून प्रयोगशाळा परिचरापर्यंत सर्वांचे आभार असतात. (ह्या पानावरील भाषा पुष्कळदा संपूर्ण अहवालातील सर्वांत जिवंत भाषा असते, कारण तेवढेच पान विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले असते.) त्यानंतर प्रस्तावना येते आणि तिचा आरंभ ऋग्वेदाने किंवा चरकसंहितेने होतो. तुळशीच्या पानांच्या अर्काचा एखाद्या जिवाणूवर काय परिणाम होतो, एवढाच प्रश्न हाती असताना पाच पाने भारतीय वैद्यकपरंपरेच्या गौरवाला दिलेली असतात. मग साहित्य व पद्धती, निरीक्षणे, आणि शेवटी ‘या विषयावर अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’ हे ठरलेले वाक्य. हे वाक्य बहुतेक सर्व अहवालांत आहे. कोणते संशोधन, कोणत्या प्रश्नासाठी, हे मात्र सहसा कोठेही नाही.

पद्धतीच्या प्रकरणात उसनवारी अधिक स्पष्ट दिसते. हरितद्रव्याचे मापन हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. पान 80 टक्के ॲसिटोनमध्ये खलायचे, गाळायचे, 645 आणि 663 नॅनोमीटर तरंगलांबीवर प्रकाशाचे शोषण मोजायचे आणि अर्नन यांनी 1949 मध्ये दिलेल्या सूत्रात ते आकडे घालायचे, अशी ही रीत आहे. अहवालात ती अक्षरशः अशीच लिहिलेली असते. प्रत्यक्षात ग्रामीण भागातील अनेक प्रयोगशाळांत स्पेक्ट्रोफोटोमीटर नसतो, असला तरी बंद असतो. असतो तो कलरिमीटर, आणि त्यात ठरावीक फिल्टर असतात. 663 चा फिल्टर नसतो म्हणून 660 चा लावला जातो, 645 साठी जवळचा जो असेल तो. फिल्टरमधून जाणारा प्रकाश एका तरंगलांबीचा नसून बऱ्याच रुंद पट्ट्याचा असतो. अर्नन यांच्या सूत्रातील गुणांक त्या विशिष्ट तरंगलांबींसाठीच आहेत. तरीही उत्तर दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत काढलेले असते. विद्यार्थ्याने खोटे लिहिले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने आधीच्या वर्षीचा अहवाल पाहून लिहिले, आणि त्या अहवालावर आमची स्वाक्षरी होती. ‘कलरिमीटरवर मोजले, म्हणून आकडे केवळ परस्पर तुलनेपुरते घ्यावेत’ असे एक वाक्य लिहिले असते, तर तोच अहवाल शास्त्रीय झाला असता.

नमुन्यांच्या संख्येबाबतही हेच म्हणावे लागते. ‘तीन वाचनांची सरासरी’ असे लिहिलेले असते, परंतु ती तीन वाचने एकाच झाडाच्या एकाच फांदीवरील तीन पानांची असतात. हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये ह्या दोषाला आभासी पुनरावृत्ती असे नाव देऊन पुरेशी चर्चा केलेली आहे. जिवाणूरोधक चाचण्यांत तर अर्क ज्या द्रावकात काढला तो द्रावक स्वतंत्रपणे ठेवून पाहण्याची साधी दक्षताही अनेकदा घेतलेली नसते. अशा वेळी कडुनिंबाने जिवाणू रोखले की इथेनॉलने, हे कळण्यास मार्ग नसतो. चौरस पद्धतीने केलेल्या वनस्पतिगणनेत चौरस बहुधा पायवाटेच्या कडेला पडलेले असतात. पावसाळ्यात आत जाण्यास कोणी तयार नसते, हे समजण्यासारखे आहे, पण तेही लिहिलेले नसते.

येथवर सांगितलेले दोष तांत्रिक आहेत व ते दुरुस्त होण्यासारखे आहेत. अधिक गंभीर दोष वेगळ्याच ठिकाणी आहे.

कण्हेरीचे पान

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने महामार्गाच्या दुभाजकावरील झाडांवर धुळीचा काय परिणाम होतो, हा विषय निवडला. ती रोज त्याच मार्गाने एस.टी.ने येत असे. विषय तिचा स्वतःचा होता. दुभाजकावर कण्हेर होती. पानाच्या पृष्ठभागावर पारदर्शक नखरंग लावून तो वाळल्यावर चिकटपट्टीने उचलायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रांचा ठसा मोजायचा, ही कमी खर्चाची व सर्वपरिचित पद्धत तिने वापरली. आठवडाभराने ती वही घेऊन आली. “सर, रंध्रं दिसतच नाहीत.” वहीत तिने लिहिले होते की, पानाच्या वरच्या बाजूस काहीच नाही, खालच्या बाजूस ठिकठिकाणी खळग्यांसारखे काही दिसते आणि त्यांत केस आहेत, रंध्रे मोजता आली नाहीत. मी वहीवर एक नजर टाकली आणि तिला तगरीची पाने घेण्यास सांगितले. दुभाजकावर तगर नव्हती. मग महामार्गालगतच्या एका घराच्या कुंपणावरील तगर आणि महाविद्यालयाच्या बागेतील तगर अशी तुलना झाली, रंध्रे मोजली गेली, स्तंभालेख निघाले. अहवाल वेळेत पूर्ण झाला आणि परीक्षकांनी त्याची प्रशंसा केली.

पुढील जून-जुलैत द्वितीय वर्षाला शुष्कतारोधी वनस्पतींची अनुकूलने शिकवताना मी फळ्यावर नेहमीप्रमाणे कण्हेरीच्या पानाच्या छेदाची आकृती काढत होतो. जाड उपत्वचा, बहुस्तरीय बाह्यत्वचा, आणि खालच्या बाजूस खोल खळगे. खळग्यांत केस आणि त्या केसांच्या आड दडलेली पर्णरंध्रे. ही आकृती मी दरवर्षी काढतो. विद्यार्थी ती दरवर्षी परीक्षेत काढतात. आदल्या वर्षी त्या मुलीने हेच स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, पाठ्यपुस्तकाचा आधार न घेता, वहीत लिहून आणले होते आणि मी ते अपयश ठरवून बाजूला टाकले होते.

ह्यात हातून गेले ते केवळ एक निरीक्षण नव्हते. तिचा प्रश्न असा होता की धुळीने रंध्रे बुजतात काय. रंध्रे ज्या पानात उघड्यावरच नाहीत, त्या पानाच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे रूप बदलते. दुभाजकावर कण्हेर लावली जाते ती तिची चिवट सहनशीलता पाहूनच. त्या सहनशीलतेचा खळग्यांशी काही संबंध आहे काय, धूळ त्या केसांवर अडकते काय, हे एका साध्या आडव्या छेदाने, पाते आणि सॅफ्रॅनिन एवढ्या साहित्यात, पाहता आले असते. उत्तर काय मिळाले असते हे सांगता येत नाही. परंतु तो प्रश्न संशोधनाचा होता आणि तगरीचे स्तंभालेख नव्हते. अंतिम अहवालात कण्हेरीचा उल्लेखदेखील नाही.

‘नकारात्मक’ म्हणून गाळलेली अशी निरीक्षणे किती असतील, याचा अंदाज कपाटातील अहवालांवरून करता येत नाही, कारण ती तेथे नाहीतच. ती कच्च्या वह्यांत होती आणि वह्या आम्ही जपून ठेवत नाही.

शेवळाची भाजी

दुसरे उदाहरण लोकवनस्पतिशास्त्राचे. कोकणातील व ठाणे-रायगडकडील महाविद्यालयांत हा विषय लोकप्रिय आहे, आणि तसा तो असणे योग्यही आहे. अहवालाचे स्वरूप मात्र प्रायः एका तक्त्याचे असते. त्यात वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कुल, स्थानिक नाव, उपयुक्त भाग आणि उपयोग असे रकाने असतात. उपयोगाच्या रकान्यात जे असते ते पुस्तकांतून उतरवलेले असते. टाकळा त्वचारोगावर, कुर्डू मूत्रविकारावर, भारंगी खोकल्यावर. माहिती देणाऱ्यांचा उल्लेख ‘स्थानिक जाणकार’ ह्या दोन शब्दांत संपतो. जैवविविधता अधिनियम 2002 अन्वये गावोगावी लोकांच्या ज्ञानासह जैवविविधता नोंदवह्या तयार करण्याची तरतूद असताना, आमच्या अहवालांत ज्ञान देणारी व्यक्तीच गाळलेली असते, ही विसंगती कोणाच्या लक्षात येऊ नये हे आश्चर्य आहे.

अशाच एका अहवालाच्या तोंडी परीक्षेत मी विद्यार्थ्याला शेवळाविषयी विचारले. तक्त्यात ‘खाद्य’ एवढाच शब्द होता. तो इंग्रजीत दोन वाक्ये बोलून थांबला. “मराठीत सांग,” असे म्हटल्यावर मात्र तो पाच-सात मिनिटे थांबला नाही. पहिल्या पावसानंतर शेवळे कोठे उगवतात, आजी ती कशी सोलते, आतला पिवळा भाग का काढून टाकते, शेवळांबरोबर काकडाची आंबट फळे घातलीच पाहिजेत नाहीतर घसा खवखवतो, काकड न मिळाल्यास चिंच किंवा कोकम कसे चालते, हे सर्व त्याने सांगितले. यांतील एकही ओळ अहवालात नव्हती. का नाही लिहिले, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, ते घरचं आहे.”

वस्तुतः त्या ‘घरच्या’ माहितीत किमान दोन प्रश्न पदवीच्या प्रयोगशाळेत हाताळण्याजोगे होते. सुरणकुलातील ह्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि खाज येण्याचे कारण सामान्यतः त्यांत शोधले जाते. हे स्फटिक साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. आजी जो भाग टाकून देते त्यात ते अधिक आहेत काय? काकडाबरोबर शिजवल्यावर त्यांच्या संख्येत किंवा आकारात फरक पडतो काय? यासाठी आयात रसायने लागत नाहीत. प्रश्न स्वयंपाकघरात तयार होता. अहवालाच्या साच्यात त्यासाठी रकाना नव्हता.

यात भाषेचाही भाग आहे. विज्ञान शाखेचे अध्यापन आणि अहवाल इंग्रजीत असल्यामुळे विद्यार्थी जे पाहतो ते मराठीत पाहतो आणि जे लिहितो ते कोठून तरी उचललेल्या इंग्रजीत लिहितो. परिभाषेची अडचण सांगितली जाते. परंतु शासनाच्या भाषा संचालनालयाने वनस्पतिशास्त्राचा परिभाषा कोश काढलेला आहे. तो आमच्या ग्रंथालयात आहे आणि त्याची पाने अद्याप कोरी करकरीत आहेत. अहवाल मराठीत लिहिल्याने तो आपोआप चांगला होईल असे प्रतिपादन येथे करावयाचे नाही. कच्ची वही तरी मराठीत लिहू द्यावी आणि ती अहवालास जोडावी, एवढेच सुचवावयाचे आहे.

नवी श्रेयांक-व्यवस्था

हा विषय आताच मांडण्याचे कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते आणि त्यात संशोधन प्रकल्पास 12 श्रेयांक आहेत. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण 2024-25 पासून लागू झाले. म्हणजे पूर्वी ज्या अहवालाकडे काही गुणांची औपचारिकता म्हणून पाहता येत होते, त्यावर आता पदवीचे नावच अवलंबून राहणार आहे. दुसरीकडे, 2022 च्या पीएच.डी. विनियमांनी एम.फिल. ही पायरी काढून टाकली. प्रस्तुत लेखकाने संशोधनलेखन जे काही शिकले ते त्या पायरीवर, आणि तेही अपुरेच. माझ्या प्रबंधिकेतही ‘अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’ हे वाक्य शेवटून दुसऱ्या पानावर आहे. आता ते शिक्षण विसाव्या-एकविसाव्या वर्षी, एका मार्गदर्शकाकडे डझनभर विद्यार्थी असताना, व्हावे अशी अपेक्षा आहे. यंत्रे वाढवून ते होणार नाही. 75 टक्क्यांची अट तर नेमक्या त्या विद्यार्थ्याला बाहेर ठेवील, जो इंग्रजीत दोन वाक्ये बोलून थांबला होता.

आमच्या विभागात यंदापासून दोन बदल केले आहेत. कच्ची वही अहवालाबरोबर बांधून घ्यायची, आणि अहवालात ‘जे दिसले नाही’ असे एक स्वतंत्र पान ठेवायचे. पहिल्या तुकडीतील बहुतेकांनी ते पान कोरे ठेवले. एकाने लिहिले आहे की, बागेतील ज्या झाडावर ‘अर्जुन’ अशी पाटी आहे त्याच्या फळांना अर्जुनाच्या फळांसारखे पाच पंख दिसले नाहीत. पाटी विभागानेच लावलेली आहे. पुढील बहरात फुलाफळांसह नमुना घेऊन ते झाड पुन्हा तपासावयाचे आहे.